तोटा आधी सांगा

आमच्या घरात काही शब्दांना बंदी होती. शिव्यांना नव्हती. मिलचा पट्टा तुटला की अप्पांच्या तोंडून शिव्या मोकळेपणानं बाहेर पडायच्या आणि अव्वा, म्हणजे माझी आई, आतून फक्त दार लोटून घ्यायची. बंदी होती ती 'नाही', 'संपलं' आणि 'तोटा' या तीन शब्दांना. गिऱ्हाइकानं मुगाची डाळ मागितली आणि ती नसली, तर 'उद्या येतीय' म्हणायचं. घरातलं तेल संपलं, तर 'तेल आणायला झालं' म्हणायचं. आणि तोटा हा शब्द गादीवर बसून कुणी उच्चारलाच, तर अप्पा त्याला उठवून तोंड धुवायला पाठवायचे. मग तो हमाल असो नाहीतर सख्खा भाऊ.

अप्पा म्हणजे माझे वडील. लातूरच्या मोंढ्यामागं, म्हणजे धान्याच्या बाजारामागं, त्यांची लहानशी डाळ मिल होती. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, पांढरं धोतर आणि अंगाला कायम तुरीच्या फोलपटांचा वास. माणूस कष्टाळू, सरळ आणि अतिशय हट्टी. यातला हट्ट तेवढा माझ्याकडं आला, असं अव्वा म्हणायची.

मी पुढं सगळी नोकरी बँकेत केली. म्हणजे जन्मभर व्याजावरच जेवले, आणि आता पेन्शनही त्यातूनच येते. त्यामुळं आमच्या निवृत्तांच्या कट्ट्यावर कुणी 'बिनव्याजी बँक' असा विषय काढला की सगळे माझ्याकडं बघतात आणि मी हसून तो उडवून लावावा अशी त्यांची अपेक्षा असते. मला हसू येत नाही. मला आमची मिल आठवते, आणि अप्पांनी नांदेडला जाऊन केलेली एक गोष्ट आठवते, जी त्यांच्यासाठी मरणापेक्षा अवघड होती.

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी शाळेत होते. आम्हा पोरांना जिल्हा झाला म्हणजे काय झालं ते कळलं नव्हतं, पण पेंटर लोकांचं फावलं एवढं दिसत होतं. गावातल्या प्रत्येक पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून तिथं 'जि. लातूर' लिहायचं होतं. आमच्या मिलच्या पाटीवर पेंटरनं जिल्ह्याचं नाव मिलच्या नावापेक्षा मोठं काढलं. अव्वा म्हणाली, पैसे परत घ्या. अप्पा मात्र रस्त्यापलीकडं उभं राहून कितीतरी वेळ ती पाटी बघत होते.

जिल्हा झाला म्हणजे आता पैसा येणार, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. कलेक्टर कचेरी येणार, कोर्ट येणार, कॉलेजं येणार. गावाबाहेरच्या माळावर चुन्याच्या रेघा पडल्या आणि प्लॉटचे भाव लोक चहा पिताना वाढवायला लागले. गंजगोलाईच्या, म्हणजे आमच्या गोल बाजारपेठेच्या आसपास काचेच्या दाराची फायनान्सची दुकानं निघाली. आत एक टेबल, एक पंखा, एक कॅलेंडर आणि बँकेपेक्षा कितीतरी जास्त व्याज. ठरल्या दिवशी रोख. त्यातलं एक दुकान अप्पांच्या ओळखीतल्या माणसाचं होतं. तुरीचा हंगाम नसला की मिलचा पैसा तसा रिकामाच पडून असतो. अप्पांनी तो तिथं ठेवला. ठेवला म्हणजे एकदा थोडा ठेवला, व्याज आलं, मग सगळाच ठेवला.

त्या साली पाऊस रुसला. मोंढ्यात माल येईना. ज्यांनी फायनान्सकडून उचल घेऊन प्लॉट घेतले होते त्यांचे प्लॉट कुणी विकत घेईना. एका सकाळी काचेच्या दारापुढचं लोखंडी शटर खालीच राहिलं आणि बाहेर माणसं जमली. अप्पा दुपारपर्यंत तिथं उभे होते. घरी आले, हातपाय धुतले, जेवायला बसले आणि म्हणाले, "उघडंल."

ते पुन्हा कधी उघडलं नाही. पण मोंढ्यात कुणीही 'बुडालो' म्हणालं नाही. सगळे 'जरा अडकलंय' म्हणायचे. पुढं बँकेत बसल्यावर मला त्या वर्षाचा अर्थ लागला. ज्याचं बुडालं होतं तो दुसऱ्याकडून उचल घेऊन तिसऱ्याचं व्याज वेळेवर देत होता आणि गालात हसत होता. कारण व्याज चुकलं की बोभाटा, आणि बोभाटा झाला की सगळेच एकदम दारात. दुष्काळानं मोडली त्याहून जास्त दुकानं या हसऱ्या चेहऱ्यांनी मोडली, असं माझं मत आहे. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे कुणी शिकवलं नाही.

आमचं मात्र तेव्हाच उघड दिसायला लागलं होतं. संक्रांतीनंतर थोडीफार तूर बाजारात येऊ लागली आणि अप्पांकडं ती घ्यायला पैसा नव्हता. मिलवर आधीच बँकेचं कर्ज होतं, आणखी द्यायला बँक तयार नव्हती. सावकाराचा दर ऐकून अप्पा उठून आले. मिल विकत घ्यायला उदगीरचा एक व्यापारी दोनदा येऊन गेला. तो यंत्रांकडं बघायचा आणि अप्पा त्याच्याकडं.

अशा वेळी चाचा आले. चाचा नांदेडचे. तिथं इतवाऱ्यात त्यांचं बारदान्याचं दुकान होतं, म्हणजे डाळ भरायची तागाची पोती ते विकायचे. दर पंधरवड्याला एसटीच्या टपावर गठ्ठे टाकून लातूरला यायचे. उंच, सडपातळ माणूस, दाढी करड्या रंगाची, आणि भावाच्या बाबतीत इतके चिवट की अप्पा आणि ते पोत्यामागं पाच पैशांसाठी अर्धा तास भांडायचे आणि मग एकाच तांब्यातलं पाणी प्यायचे. दुपारच्या नमाजाची वेळ झाली की ते आमच्या वखारीत पोत्यांच्या थप्पीआड चादर अंथरायचे. तेवढा वेळ अव्वा मला रेडिओ बंद करायला लावायची. देव कुणाचाही असो, त्याच्याशी कुणी बोलत असताना मध्ये गाणी नकोत, एवढं साधं तिचं म्हणणं होतं.

त्या दिवशी चाचांनी गठ्ठे उतरवलेच नाहीत. ते गादीच्या कडेला बसले आणि म्हणाले, "अप्पा, मिल बंद हाय. मोंढ्यात तूर येऊन राहिली आन् तुम्ही माश्या मारून राहिले. काय इरादा हाय?"

"बगू," अप्पा म्हणाले.

"माझ्याकडं थोडी रक्कम हाय. एकट्याची न्हाई, आमच्या मोहल्ल्यातल्या चार-सहा लोकांची. एक टेलर हाय. मुदखेडचे एक रेल्वेतून रिटायर झालेले हायत. एक बेवा बाई हाय, शिवणकाम करते, लेकीच्या लग्नासाठी पैसे साठवलेत तिनं. हे लोक सूद खात न्हाईत, म्हणून बँकेत ठेवत न्हाईत. पैसा संदुकीत पडून हाय. कुणी भला माणूस धंद्यात लावंल तर पाहा म्हणाले."

अप्पांनी पहिला प्रश्न विचारला तो त्यांच्या आयुष्यभराच्या सवयीचा होता. "व्याज काय पडंल?"

चाचांनी कपाळाला हात लावला. "आत्ता सांगितलं न्हाई का मी? व्याज न्हाई. मिल तुमची, मेहनत तुमची, माल घ्यायला पैसा आमचा. नफा झाला तर निम्मा निम्मा."

"आन् उलटं झालं तर?" बंदी असलेला शब्द न वापरता अप्पांनी विचारलं.

"मग आमचा पैसा गेला. तुमची मेहनत गेली. त्येचं दुःख दोघांनी करायचं. फक्त एक शर्त. हिशोब खरा पाहिजे."

"माझा हिशोब कवा खोटा व्हता?" अप्पा चिडले.

"न्हवता. म्हणून तर तुमच्याकडं आलो."

अप्पांना रात्रभर यात खोट सापडेना आणि त्यामुळंच ते अस्वस्थ होते. 'पैसा बुडाला तर माझा' असं म्हणणारा माणूस त्यांनी बाजारात पाहिला नव्हता. अव्वा म्हणाली, "आवो, तुमचंच हाय की त्ये. कष्टाबिगर आलेलं खाऊ नये म्हणून तुमचे स्वामी सांगत्यात, तवा मान हालवताव. आता तो माणूस तेच म्हणून राहिला तर डोकं का खाजवताव?" अप्पा कूस बदलून झोपले. सकाळी त्यांनी हो म्हणून टाकलं.

मोंढ्यानं आमची यथेच्छ चेष्टा केली. कुणी म्हणालं, अप्पा आता शुक्रवारी सुट्टी देणार. कुणी म्हणालं, आतून काहीतरी व्याज असणारच, दाखवत नसतील. मिल मात्र सुरू झाली. हिशोब दर अमावास्येला करायचा ठरलं. अप्पांचा महिना अमावास्येला संपायचा आणि चाचांचा चंद्रकोर दिसली की सुरू व्हायचा, त्यामुळं तारखेवरून भांडण व्हायचं कारण उरलं नाही. चाचा अमावास्येनंतर यायचे, अप्पा रुमालात बांधून त्यांचा निम्मा नफा द्यायचे, चाचा बिस्मिल्ला म्हणून तो खिशात ठेवायचे आणि मग दोघं बारदान्याच्या भावावरून नेहमीसारखे भांडायचे. मिल विकायचा विषय मागं पडला. अव्वानं पहिल्यांदा मला नवी चप्पल घेतली ती त्या हंगामात.

पुढच्या वर्षी पाऊस नुसता रुसला नाही, त्यानं पाठच फिरवली. गावात टँकर आले. नळाला पाणी कधी येईल ते नळालाही ठाऊक नसायचं. शेतातली तूर फुलावर आली आणि तिथंच करपली. जी काही मोंढ्यात आली तिचा दाणा बारीक, सुरकुतलेला. भाव मात्र आभाळाला. अप्पांनी ती महाग घेतली, पुढं आणखी महाग होईल म्हणून. त्यांचा अंदाज दोन बाजूंनी चुकला. एक तर परराज्यातली तूर आली आणि भाव उतरला. दुसरं म्हणजे तो बारीक दाणा यंत्रात टिकेना. डाळ पडायच्या ऐवजी त्याचा चुरा व्हायचा. डाळ कमी आणि जनावरांना घालायची चुनी जास्त. एके दिवशी अप्पांनी चाळणीखालचा चुरा ओंजळीत घेतला, फुंकर मारली आणि मिल थांबवायला सांगितली. नंतरचे दोन महिने ती थांबलेलीच होती.

अमावास्या आली. चाचा आले. अप्पांनी रुमालात बांधलेले पैसे त्यांच्या हातात ठेवले.

मी तिथं होते. मला वाटलं, कुठूनतरी नफा झाला असेल. मोठ्या माणसांना कुठूनतरी होत असेल असं वाटायचं ते वय. पुढच्या अमावास्येलाही रुमाल गेला. मधल्या काळात एवढंच झालं होतं की अप्पांची स्कूटर दिसेनाशी झाली. ते पायी मिलवर जायला लागले. रिकाम्या मिलवर. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पायी चाललं की अन्न पचतं." आमच्या घरी तेव्हा पचायला फार काही होतं असं नाही.

अप्पांनी फसवलं ते कुणाला, हे मी पुष्कळदा मनाशी घोळवलं आहे. जगात माणसं नफा झाला तरी तोटा दाखवतात. आमच्या बँकेत अशांची रांग असायची. हा माणूस तोटा झाला असताना स्वतःचं वाहन विकून नफा दाखवत होता. त्यांना वाटत होतं, हीच सचोटी. ठरल्या दिवशी पैसे पोचले पाहिजेत, मग घरात काहीही होवो. लातूरच्या मोंढ्यात इभ्रत म्हणजे एवढंच. त्यात त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या लेकीचं लग्न त्यांच्या डोक्यात बसलं होतं. मला तेव्हा अप्पांचा राग आला नाही, आणि आजही येत नाही.

तिसऱ्या वेळी चाचा अमावास्येची वाट न बघता आले. उन्हाळा पेटलेला होता. ते गादीवर बसले नाहीत. वखारीत गेले, आमच्याकडच्या कोऱ्या पोत्यांच्या थप्पीवर थाप मारली. बरीच धूळ उडाली. बाहेर येऊन म्हणाले, "अप्पा, दोन महिने झाले, तुम्ही माझ्याकडून एक पोतं नेलं न्हाई. हितली थप्पी तशीच हाय. डाळ काय धोतराच्या सोग्यात भरून विकून राहिले का?"

अप्पा गादीवरची चादर सारखी करायला लागले.

"स्कूटर कुठं हाय?"

"गॅरेजला."

"इकली," आतून अव्वाचा आवाज आला. ती पदर सावरत दारात येऊन उभी राहिली. परक्या पुरुषासमोर ती कधी अशी येत नसे. "दोन महिने झाले इकून. तुमास्नी द्याया."

चाचांनी झोळीतून दोन रुमाल काढले. अप्पांनी बांधलेल्या गाठी तशाच होत्या. त्यांनी ते गादीवर ठेवले. "मला पैल्याच दिवशी शक आला व्हता. वाटले न्हाईत मी कुणाला हे." मग त्यांचा आवाज चढला. भावाच्या भांडणाखेरीज माझ्यासमोर ते कधी मोठ्यानं बोलले नव्हते. "तुम्ही मला समजलं काय? धंदा झाला न्हाई आन् पैसा आला, तर तो नफा न्हाई, तो सूद हाय. जे खायचं न्हाई म्हणून ते लोक गरिबीत राह्यले, तेच तुम्ही रुमालात बांधून त्यांच्या ताटात वाढून राहिले व्हते."

"मी तुमच्या मान्सांचा पैसा बुडू दिला न्हाई," अप्पा म्हणाले. "त्या बाईच्या लेकीचं लगीन हाय. मी काय तोंडानं सांगू तिला?"

"ज्या तोंडानं नफा सांगितला, त्याच तोंडानं." चाचांनी आवाज खाली आणला. "ऐका अप्पा. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर सगळे माझ्या दुकानात बसतात. तुम्ही या. काय झालं ते सांगा. तोटा झाला म्हणा. मग त्यांनी ठरवायचं, राहिलेला पैसा तुमच्याकडं ठेवायचा का न्हाई. तुम्ही आला न्हाईत तर मला तो उचलावा लागंल. मी झाकलेल्या हिशोबात लोकांचा पैसा ठेवू शकत न्हाई."

राहिलेला पैसा म्हणजे पुढच्या हंगामाची तूर. तो गेला तर उदगीरच्या व्यापाऱ्याला निरोप पाठवण्याशिवाय काही उरत नव्हतं. हे घरात सगळ्यांना कळत होतं, मलाही. आणि तो वाचवायला एक शब्द बोलायचा होता, जो अप्पांनी जन्मात उच्चारला नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी अव्वानं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधली आणि मला म्हणाली, "तू जा संगं. एकले गेले तर अर्ध्यातून माघारी येतील." शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो. अहमदपूर, लोहा, सगळीकडं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उघडी जमीन आणि स्टँडवर रिकाम्या घागरी घेतलेल्या बाया. अप्पांनी खिडकीबाहेर पाहिलंच नाही. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, जप चाललाय. नंतर लक्षात आलं, ते भाषणाची तयारी करत होते.

इतवाऱ्यात अप्पा शिरले तेव्हा लोक वळून बघत होते. धोतर, विभूती आणि मागं दोन वेण्यांची मुलगी. चाचांनी दुकानात पोत्यांवर स्वच्छ चादर घातली होती. मला धास्ती होती की खायला काय पुढं येतंय आणि अप्पा काय करतात, पण चाचांनी केळ्यांचा घड आणून ठेवला होता. सोलून खायची वस्तू, कुणाच्या चुलीचा प्रश्न नाही. इतक्या बारकाव्यानं आमच्याकडं पाहुण्यांचा विचार कुणी केला असता का, मला शंका आहे.

माणसं जमली. गळ्यात टेप अडकवलेला टेलर, मुदखेडचे पांढऱ्या मिशांचे रेल्वेवाले, आणखी दोघं. दाराशी, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, काळ्या बुरख्यातली एक बाई बसली. तोंडावरचं तिनं वर टाकलं होतं. अव्वाच्याच वयाची असेल. तिच्या बोटांना सुया टोचून टोचून काळे ठिपके पडले होते. अप्पांनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

चाचा म्हणाले, "अप्पा बोलतील."

अप्पा उभे राहिले. आधी त्यांनी पावसाचं सांगितलं. मग तुरीच्या दाण्याचं सांगितलं, तो कसा बारीक पडला. मग परराज्यातल्या मालाचं. सगळं खरं होतं, पण ते त्या शब्दाच्या भोवती नुसते फिरत होते. रेल्वेवाले माना डोलावत होते. चाचा जमिनीकडं बघत होते. त्यांनी मदत केली नाही. मला त्यांचा तेव्हा फार राग आला.

मग अप्पा थांबले. गळ्यातल्या लिंगावर त्यांनी हात ठेवला.

"तोटा झाला," ते म्हणाले. "लई तोटा झाला. तूर म्या महाग घेतली, माझा अंदाज चुकला. आन् वरून दोन महिने नफा म्हणून पैसे धाडले, ते खोटं व्हतं. तुमच्या पैशातला तिसरा वाटा गेला."

अप्पा उभेच होते, आता काहीतरी कोसळणार अशा अंगानं. शेवटी दाराशी बसलेली बाई बोलली.

"बाकीचे हायत?"

"हायत बाई."

"औंदा पानी पडलं तर तूर घ्याल?"

"घीन."

"मिल चालती का, का ईकली?"

"चालती. उद्या तूर आली तर उद्या सुरू करतो."

तिनं बोटांवर महिने मोजले. "गेलं ते नशिबाचं. लेकीचं एक वर्ष थांबू. राहिलेले राहू द्या तुमच्याकडं." आणि मग, जरा कडक आवाजात, "पन आप्पा, फुडल्या वक्ताला लवकर सांगा. तोटा झाला तर पैल्या दिवशी सांगा. आम्ही काय परके हाव का?"

अप्पा मटकन पोत्यांवर बसले आणि रडले. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. टेलरनं खिशातला फडका दिला. रेल्वेवाल्यांनी केळं सोलून हातात ठेवलं. कुणी समजूत घातली नाही, आणि ते बरंच झालं. बाकीच्यांनीही पैसे ठेवायचं कबूल केलं. एकानं मात्र लेकराच्या आजारपणासाठी त्याचा उरलेला वाटा परत मागितला आणि चाचांनी तो आपल्या गल्ल्यातून तिथंच देऊन टाकला. त्याबद्दल कुणी त्याला बोल लावला नाही.

परतीच्या एसटीत अप्पा वेगळेच झाले होते. कंडक्टर तिकीट द्यायला आला तर त्याला म्हणाले, "औंदा तोटा झाला आमाला धंद्यात." तो बिचारा म्हणाला, "असं व्हय." अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा मला घेऊन हॉटेलात गेले आणि मालकाला म्हणाले, "लई तोटा झालाय, दोन प्लेट भजी द्या." मालक आमच्याकडं बघतच राहिला. मी लाजेनं अर्धी झाले. अप्पांनी मात्र सगळी भजी मिटक्या मारत खाल्ली आणि माझ्या प्लेटमधली दोन उचलली.

घरी पोचल्यावर उंबऱ्यातूनच ते अव्वाला म्हणाले, "आगं, तोटा झाला आपल्याला."

"ठावं हाय मला," अव्वा म्हणाली. "हातपाय धुवा. भाकरी निवून चालल्यात."

परत आलेल्या रुमालांतल्या पैशांची स्कूटर परत घ्या, असं अव्वा म्हणत होती. अप्पांनी त्यातून हमालांची थकलेली मजुरी दिली. आता तो शब्द त्यांना जडच वाटेना. मोंढ्यात पहिल्यांदा त्यांनी तो गादीवर बसून उच्चारला तेव्हा शेजारचा आडत्या दचकला. पण चार दिवसांनी तोच संध्याकाळी येऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला की त्याचंही फायनान्समध्ये बुडालंय आणि घरी अजून सांगितलेलं नाही. मग आणखी एक आला. अप्पा कुणाला उपदेश करत नसत. चहा सांगत आणि ऐकून घेत. त्यातल्या दोघांनी पुढं एकमेकांशी तशीच भागीदारी केली, एकाचा पैसा आणि दुसऱ्याचे कष्ट. दोघंही आमच्यासारखेच विभूती लावणारे होते. मोंढ्यातली चेष्टा तेव्हापासून कमी झाली.

मी व्याजाच्या विरोधात भाषण करणार नाही. करायला लागले तर माझी पेन्शनच मला हसेल. व्याजानं घरं झाली, शिक्षणं झाली, मी स्वतः त्या कागदांवर सह्या केल्या आहेत. आणि भागीदारीत लबाड माणूस भेटला तर काय होतं तेही मी पाहिलं आहे. पण कर्जदार समोर बसला, त्याचे हप्ते एकदम वेळेवर असले आणि चेहरा उतरलेला असला, की मला अप्पांची स्कूटर आठवायची. मी फाईल मिटून विचारायची, "तोटा किती झालाय?" काही जण रागावायचे. बरेच जण सांगायला लागायचे. अप्पा मात्र मला चिडवायची एकही संधी सोडत नसत. "तुज्या ब्यांकेला इचार," ते म्हणायचे, "दुष्काळात निम्मं दुःख घेती का म्हणून." मी साहेबांना विचारलं नाही. बदली किनवटच्याही पुढं झाली असती.

नांदेडहून आलो त्याच पावसाळ्यात पाणी पडलं. बेताचंच, पण वेळेवर. संक्रांतीनंतर मोंढ्यात तुरीच्या गाड्या लागल्या, दाणा टपोरा होता आणि मिल पहाटेपासून धडधडायला लागली. चाचा एसटीच्या टपावरून इतके गठ्ठे घेऊन आले की हमाल कुरकुरले. त्या गठ्ठ्यांवर कागदात बांधलेलं एक पुडकं होतं. शिवणकाम करणाऱ्या बाईनं अप्पांच्या गादीसाठी पांढऱ्या मांजरपाटाची खोळ शिवून पाठवली होती, दुहेरी शिवणीची. लेकीचं लग्न ठरलं होतं.

अप्पांनी ती तिथल्या तिथं गादीला घालून घेतली आणि चाचांना हात धरून वर बसवलं. गिऱ्हाइकं उभी होती, हमाल उभे होते. पैशांचे रुमाल तयार होते, चांगले जड. चाचांनी हात पुढं केला.

"थांबा," अप्पा म्हणाले. "आधी तोटा ऐका."

"या साली कुठला तोटा?" चाचा हसायला लागले. "एवढी तूर पडून राहिली."

"पाच पोती भिजली गळक्या पत्र्याखाली. एक पट्टा तुटला. आन् लातूर रोड टेसनाला गेलेल्या मालाचं वजन कमी भरलं. लिवून घ्या," अप्पा म्हणाले, आणि सगळं सांगून होईपर्यंत त्यांनी रुमालाला हात लावू दिला नाही.